माझ्या नावाने टांगलेलं कापड

मला सुई धरता येत नसे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मी सात वर्षांची असताना आई गेली. पातूरच्या शाळेत शिवणाच्या तासाला मी शेजारच्या मुलीकडून रुमाल भरून घेई आणि तिची गणितं सोडवून देई. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा शर्टाला बटण लावण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि मी लावलेलं बटणही दोन धुण्यांत गळून पडे.

माझे यजमान अकोल्यात सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होते. आम्ही बायका तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसू. इथेही मी त्यांना 'हे'च म्हणते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा निळसर, गुळगुळीत ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. पूल, कालवे, नाले, शेतांचे धुरे, म्हणजे बांध. स्वभावाने हे भित्रे. कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकत. पण हातात पेन आलं की अंगातली सगळी भीती मनगटाच्या अलीकडेच थांबे. रेघ कधी हलली नाही.

साठ-एकसष्टच्या सुमारास ह्यांच्या छातीत पाणी झालं. तीन महिने दवाखान्यात गेले आणि नंतर डॉक्टरांनी पाच महिने घरीच पडून राहायला सांगितलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर बुऱ्हाणपूरचा एक जरीकाम करणारा कारागीर होता. अकोल्यात मुलीकडे आला आणि इथेच आजारी पडला. त्याला हात रिकामे ठेवता येत नसत. उशाखाली कापड ताणायची लाकडी रिंग आणि दोऱ्याच्या लडी. ह्यांनी दोन-तीन दिवस नुसतं पाहिलं आणि मग विचारलं, हे मला जमेल का. तो म्हणाला, "जनाब, हमारे यहाँ तो मर्द ही करते हैं. आपका हाथ तो बना-बनाया है."

मी डबा घेऊन गेले की हे काहीतरी पांघरुणाखाली सरकवत. मला वाटे, विडी ओढायला लागले. एकदा मी पांघरूण ओढलंच. ट्रेसिंग क्लॉथ कढत पाण्यात धुतलं की खळ निघून जाते आणि मलमलीसारखं तलम कापड राहतं. ऑफिसातले सगळेच त्याचे रुमाल करत. तसल्या एका रुमालावर कडुलिंबाची डहाळी भरलेली होती. प्रत्येक पानाची शीर वेगळी.

"कोनाले सांगू नको," एवढंच हे म्हणाले.

घरी सासूबाई होत्या. बार्शीटाकळीजवळच्या गावी आमची शेती, ती थोरले दीर पाहत. सासूबाई ह्यांच्या आजारपणासाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. ह्यांची खाट मधल्या खोलीत होती. हे दिवसभर भिंतीला टेकून कशिदा काढत बसत. चार-पाच दिवस सासूबाई येता-जाता पाहत होत्या. मग एक दिवस मी भाकरी थापत असताना चुलीशी येऊन बसल्या.

"थो बाईमानसाचं काम करून रायला," त्या हळू म्हणाल्या.

"त्याइले बरं वाटते, आई."

"वाटू दे. मी कुठं नाई म्हनून रायली? पन हाफिसातले लोकं येतात, तुह्या माहेरचे येतात. कोनी आलं तं सुई तुह्या हातात दिसली पायजे."

तेव्हापासून तसं सुरू झालं. दाराची कडी वाजली की रिंग ह्यांच्या हातातून माझ्या मांडीवर येई आणि ह्यांच्या हातात वर्तमानपत्र जाई. सासूबाई मुद्दाम सावकाश दार उघडत. मी सुई कापडात खुपसून मान खाली घालून बसे. पाहुणे म्हणत, कामसू सून आहे. एकदा ह्यांच्या सोबत्याची बायको माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. ती गेल्यावर कळलं, कापडाची उलटी बाजू माझ्याकडे नाही, तिच्याकडे होती.

मग ह्यांनी माझी जुनी काळी चंद्रकळा मागितली. विरलेली होती, पण रंग गेला नव्हता. तिचा दोन हात तुकडा कापून त्यावर हे गावचं शेत काढायला बसले. समोरून दिसतं तसं नाही, तर नकाशात असतं तसं, वरून. धावदोऱ्याचे धुरे, निळ्या साखळीटाक्याचा नाला, तुरीच्या पिवळट ओळी. कपाशीच्या ओळींत पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी, एका बोंडाला एक गाठ. जमीन भरायची गरजच नव्हती. लुगड्याचा काळा रंग म्हणजेच आमची माती. सासूबाईंनी एकदा चष्मा लावून, वाकून पाहिलं. म्हणाल्या, "विहीर इतकी जवळ नाई. आंब्याच्या तिकडं हाये." ह्यांनी दोन दिवस बसून विहीर उसवली आणि आंब्याच्या पलीकडे पुन्हा भरली. चार महिने हे काम चाललं. त्या चार महिन्यांत ह्यांचा खोकला गेला, गालांवर थोडं मांस आलं. म्हणून मी कडीच्या आवाजाची भीती सोसली.

ह्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर अमरावतीला. आम्ही त्यांना ताई म्हणत असू. संक्रांत झाल्यावर त्या न कळवता आल्या, आणि दार उघडंच असल्यामुळे थेट मधल्या खोलीत. कापड पूर्ण होऊन खाटेवर पसरलेलं होतं.

"अवं, हे कोनं केलं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. सासूबाई म्हणाल्या, "घरी दुसरं कोन हाये करनारं?"

नीट पाहिलं तर त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. ताईंनी माझ्या गालावर हात फिरवला. "तुनं तं कधी सांगितलं नाई."

"त्यात काय सांगाचं," मी म्हटलं.

ते वाक्य माझं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं, मागितलंही नव्हतं.

अमरावतीत मुलींच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. त्यांच्या घरी दर रविवारी सात-आठ बायका सुई-दोरा घेऊन जमत, त्यांत ताईही होत्या. बाईंचा एकच नियम होता: छापील नक्षी नाही. पोपट, मोर आणि 'सुस्वागतम्' घरी ठेवा, आपण डोळ्यांनी पाहिलेलं आणा. दोन वर्षं त्यांचं हे चाललं होतं, आणि येत्या उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांची कामं एकत्र मांडायची ठरली होती. ताईंनी आमचं कापड वर्तमानपत्रात गुंडाळलं. "बाईले दाखवतो अन् पाठवून देतो," म्हणाल्या. कोणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

कापड परत आलं नाही. पोस्टकार्ड आलं. बाईंनी लिहिलं होतं, काम निवडलं आहे. प्रदर्शन गुरुवार ते रविवार. प्रत्येकीने चारही दिवस आपल्या कामाशेजारी बसायचं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी ते दारातच उभ्याने वाचलं आणि मग उंबऱ्यावर बसले.

"मी लिहून टाकतो, तब्येत बरी नाई म्हनून," मी ह्यांना म्हटलं. हे तेव्हा नुकतेच ऑफिसात रुजू झाले होते.

हे जेवायला बसले. हात धुताना म्हणाले, "किती लोकं येत असतीन पाहाले?"

मला कळलं. ह्यांचे नकाशे इंजिनिअरच्या नावाने जात. खाली कोपऱ्यात ट्रेसरच्या नावाची दोन अक्षरं, तीही कोणी वाचत नसे. हे काम लोकांनी पाहावं असं ह्यांना वाटत होतं.

"मंग तुमी सांगा, माह्यं हाये म्हनून."

"अन् ऑफिसात? आठ महिने आजारी रजेवर व्हता अन् घरी बसून कशिदा काढत व्हता, असं म्हनतीन. हेडक्लार्क कागद वर पाठवीन. नोकरी जाईन."

ही भीती काही खोटी नव्हती. म्हणून मग मला शिकवायचं ठरलं.

तीन आठवडे होते. ऑफिसातून आले की चहा घेऊन हे माझ्यासमोर बसत. चार टाके यायला हवेत, म्हणाले. धावदोरा जमला, साखळी कशीबशी जमली. गाठ काही जमेना. दोरा सुईला दोनदा गुंडाळायचा, अंगठ्याने दाबून धरायचा, आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारून खाली न्यायची. माझी गाठ एक तर कापडातून आरपार निघून जाई, नाही तर तिचा गुंता होई. ह्यांनी लग्न झाल्यापासून माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. पण "असं नाई. पुन्हा," हे तीन शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकले की एकदा रिंग खाली आपटून रडले.

"तुमच्यासाठी करून रायली मी हे."

"मले मालूम हाये," हे म्हणाले, आणि रिंग उचलून माझ्या गाठी सुईच्या टोकाने एकेक सोडवू लागले.

सासूबाई साक्षीदाराला पढवावं तसं मला पढवत. "किती दिवस लागले?" चार महिने. "नमुना कुठून घेतला?" गावचं शेत आहे. "कोनी शिकवलं?" इथे मी अडखळे. आमची आई, असं सांगायचं ठरलं. आईचं नाव त्यात ओढताना मला फार वाईट वाटलं, पण मेलेल्या माणसाला कोणी विचारायला जाणार नव्हतं.

बुधवारी मी अकोल्याहून बडनेऱ्याला आणि तिथून छोट्या गाडीने अमरावतीला गेले. वाटेत सगळी उत्तरं पुन्हा पुन्हा मनात म्हटली.

हॉलमध्ये खांबांना दोऱ्या बांधून कामं टांगली होती. आमचं काळं कापड खिडकीसमोरच्या भिंतीवर. खाली बाईंच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: माझं नाव, ह्यांचं नाव, आडनाव. मधलं नाव ह्यांचंच आहे, म्हणजे चिठ्ठी अगदीच खोटी नाही, असं मी मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना.

माझ्या शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई बसत. चाळिशीच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांचं काम लांबून पाहिलं तर कोरी चादर वाटे. जवळ गेलं की कळे, लहान लहान तुकडे जोडले आहेत, सगळे पांढरे, पण एकही पांढरा दुसऱ्यासारखा नाही. आणि त्यावर पांढऱ्याच दोऱ्याचे टाके. त्यांनी मला सांगितलं, "छप्पन साली दीक्षेले जायचं तं सगळ्याइले पांढरं पायजे व्हतं. घरी पांढरं लुगडं एकच. मंग कोनाचं धोतर फाडलं, कोनाचा सदरा उसवला, मांजरपाट आनलं. थे सगळे कपडे पुढं फाटले. मी तुकडे ठेवले व्हते." लोक येऊन विचारत, यात काय काढलंय? त्या म्हणत, "जवळून पाहा."

माझ्याकडे लोक जास्त थांबत. शेतकरी माणसं लगेच ओळखत, हा धुरा, हा नाला. बायका गाठी मोजायचा प्रयत्न करत. मी पढवलेली उत्तरं देई. गुरुवार निभावला. शुक्रवारी दुपारी उन्हामुळे हॉल रिकामा होता. नर्सबाईंनी डबा उघडला, माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि हात सोडला नाही.

"तुमच्या बोटाले घट्टा नाई," त्या म्हणाल्या.

मी हात ओढून घेतला.

"माह्या पाहा." त्यांनी आपलं बोट दाखवलं. टोकाशी कातडी पिवळट, टणक झाली होती. "त्या कापडात हजारावर गाठी असतीन."

"माझा हातच मऊ आहे," मी म्हटलं. घाबरल्यामुळे की काय, शुद्ध भाषेत बोलले.

"मी कोनाले सांगत नाई. तुमी लई भेऊन रायल्या, म्हनून इचारलं."

त्या माझी बाजू घेत होत्या, हे आता कळतं. तेव्हा मी उठून ताईंच्या शेजारी जाऊन बसले. उरलेला दिवस मला त्यांचीच भीती वाटत राहिली. त्या कोणाशी बोलू लागल्या की मी कान देई. याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी शिवण-कशिदा शिकवणाऱ्या सरकारी केंद्रांच्या मुख्य बाई आल्या. त्या काळ्या कापडासमोर खूप वेळ उभ्या राहिल्या आणि मग माझ्या हातात रिंग देऊन म्हणाल्या, "ही गाठ करून दाखवा बरं." भोवती पंधरावीस माणसं जमली. मी पाच गाठी केल्या. दोन बऱ्या झाल्या, तीन मसुराच्या डाळीसारख्या पसरल्या. दोरा घामाने ओला झाला होता.

"लोकांसमोर हात कापतोच," त्या म्हणाल्या. "अकोल्याला आमचं केंद्र सुरू होतंय. शिकवायला बाई हवी आहे. सोमवारी अर्ज घेऊन या. तुमचं नाव मी धरूनच चालते."

ताईंना आनंद मावेना. मला मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मुलगी दिसत होती. ती आठजणींत सर्वांत लहान, दोन लेकरं पदरात असताना विधवा झालेली. त्या जागेसाठी तिने दोन महिन्यांपूर्वीच अर्ज केला होता, हे मला ताईंनीच सांगितलं होतं. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जागा तुम्हालाच मिळायला हवी, तुमचं काम तसंच आहे." तिच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. त्यामुळेच मला ते सहन झालं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने हे आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. माझ्याशी दोन शब्द बोलून लोकांत मिसळले. मी पाहत होते. हे कापडाकडे पाहत नव्हते, कापडाकडे पाहणाऱ्यांची तोंडं पाहत होते. असा चेहरा मी ह्यांचा कधी पाहिला नव्हता. मला क्षणभर सगळं विसरायला झालं. तेवढ्यात ह्यांच्या खात्याचे अमरावतीचे मोठे साहेब बायकोबरोबर आत आले.

"अरे, तू इथे?"

"घरच्यांचं काम लावलंय, साहेब."

साहेबांनी वाकून पाहिलं. "हा तर आपला नकाशा झाला. तुझं पाहून शिकली वाटतं. बायको नवऱ्यापेक्षा चांगली ट्रेसर निघाली." आणि हसले.

"हो साहेब," हे म्हणाले. हेही हसले.

साहेब पुढे गेल्यावर मी ह्यांना खांबामागे नेलं. नोकरीचं सांगितलं, त्या मुलीचं सांगितलं. "आता बोला तुमी."

ह्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "आज नको. साहेब हाये."

"मंग कधी? उद्या अर्ज द्याचा हाये."

हे वळले. पाण्याच्या माठाजवळ जाऊन उभे राहिले. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग हॉलमागच्या खोलीत गेले, जिथे चित्रांचे बोर्ड रचून ठेवलेले असत. चित्रकलेच्या बाई तिथे चहा पीत होत्या. मी दार लोटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. बोर्डाला मात्र धरून उभी होते.

बाईंनी कप खाली ठेवला. "किती जणांना माहीत आहे?"

"घरातल्यांना. आणि आता तुम्हाला." नर्सबाईंचं मी सांगितलं नाही.

"पत्रकावर मी बायकांचं काम असं छापलंय. शाळेच्या कमिटीने हॉल त्यावर दिला. उद्या कोणी म्हणालं, बाकीच्या आठजणींचंही त्यांच्या नवऱ्यांनी केलं असेल, तर मी काय सांगू?"

याचा मी विचारच केला नव्हता. तीन आठवडे मी फक्त स्वतःसाठी आणि ह्यांच्यासाठी घाबरले होते.

"काम चांगलं आहे म्हणून मला जास्त राग येतोय," बाई म्हणाल्या. मग उठल्या. "नोकरीचं मी त्यांना कळवते. कसं सांगायचं ते मी बघते. तुम्ही संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलू नका. पण चिठ्ठी मी आत्ता काढणार."

त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी कापडाखालची चिठ्ठी काढून पर्समध्ये ठेवली. हे माठाजवळून पाहत होते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत कापड बिननावाचं टांगलेलं राहिलं. कोणी विचारलं तर मी म्हणे, "अकोल्याचं आहे."

संध्याकाळी ताईंच्या घरी सगळं निघालंच. ताई माझ्यावर ओरडल्या नाहीत. भावासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मले सांगितलं असतं तं मी काय दवंडी पिटनार व्हती? बोटं तुही, अन् तोंड तिचं?" मग आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी डबा भरून दिला, पण निरोप द्यायला दारापर्यंत आल्या नाहीत. त्या वर्षी राखी टपालाने आली, सोबत एक ओळही नव्हती.

बडनेऱ्याहून गाडीत बसलो. कापडाची गुंडाळी आमच्या दोघांच्या मध्ये.

"मी बोलाले पायजे व्हतं," हे म्हणाले.

"हो."

मला ह्यांचा राग आला होता. पण त्याहून जास्त, आता काय काय होईल याची मी यादी करत होते. साहेबांच्या बायकोला कळेल. कमिटीला कळेल. केंद्राच्या बाई तक्रार करतील.

चार दिवसांनी शर्ट धुताना खिशात एक बंद पाकीट सापडलं. पत्ता चित्रकलेच्या बाईंचा, नकाशावर लिहितात तशा टपोऱ्या, सरळ अक्षरात. मी ते कोरडं करून पुन्हा दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. काही विचारलं नाही. दोन दिवस ते खिशातच होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं. आत काय लिहिलं ते ह्यांनी नंतर सांगितलं: काळ्या कापडावरचं शेताचं काम माझं आहे, माझ्या भित्रेपणामुळे ते पत्नीच्या नावाने लागलं, दोष तिचा नाही.

बातमी ऑफिसात कशी पोचली, कळलं नाही. एका सकाळी ह्यांच्या टेबलावर कोणीतरी बाहुलीचं झबलं आणि सुई ठेवली होती. हे ती दोन्ही खणात टाकून कामाला लागले. हेडक्लार्कने रजेचे सगळे कागद मागवून घेतले. ते पंधरा दिवस आमच्या घरात कोणाला नीट जेवण गेलं नाही. डॉक्टरांचे दाखले जागच्या जागी होते, त्यामुळे पुढे काही झालं नाही. मग साहेबांचं बोलावणं आलं. हे अमरावतीला गेले ते मेमो मिळणार असं धरूनच. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि कपाटातून बायकोची काश्मिरी शाल काढली. कसर लागून तिला दोन भोकं पडली होती.

"रफू येतं का तुला?"

"शिकून घेतो, साहेब," हे म्हणाले.

दीड महिन्याने चित्रकलेच्या बाईंचं उत्तर आलं. केंद्रातली जागा त्या मुलीला मिळाली होती. खाली लिहिलं होतं की पुढच्या वर्षी अकोल्यात प्रदर्शन घ्यायचा विचार आहे, हॉल मिळतो का पाहा, आणि पत्रकातला मजकूर बदलता येतो.

हॉल ह्यांनीच मिळवला. पत्रकावर नऊ नावं होती आणि नववं ह्यांचं. ह्यांनी तेच काळं कापड लावलं, दुसरं काही लावायला तयार झाले नाहीत. ताई आल्या. माझ्याशी सकाळीच बोलल्या, भावाशी दुपारनंतर. सासूबाई गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिल्या.

नर्सबाईंना मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"बोटावरून नाई कळलं," त्या म्हणाल्या. "तुमी त्या कापडाकडं पाहतच नव्हत्या. जिनं केलं थे सारखी पाहते, कुठं चुकलं म्हनून."

हे आपल्या कापडाशेजारी उभे होते. खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. कोणी जवळ आलं की ह्यांचा हात शर्टाच्या कॉलरकडे जाई. दोन कॉलेजची पोरं एकमेकांना कोपर मारून हसली, ते मी पाहिलं, ह्यांनीही पाहिलं. पण या वेळी मला करण्यासारखं काहीच नव्हतं. प्रश्न ह्यांना विचारले जाणार होते.

म्हणून मी हॉलच्या दाराशी गेले आणि पहिल्या कामापासून पाहायला सुरुवात केली. अमरावतीला चार दिवस या बायकांमध्ये बसून मी शेजारच्या पांढऱ्या चादरीखेरीज काहीही पाहिलं नव्हतं. त्या विधवा मुलीचं काम दुसऱ्याच क्रमांकावर होतं. आगगाडीच्या डब्याची खिडकी, तिचे उभे गज, आणि गजांमधून पळणारी बाभळीची झाडं, सगळी एकाच बाजूला ताणलेल्या तिरप्या टाक्यांची. ती आता शिकवायला लागली होती, तिच्या दोन विद्यार्थिनी सोबत आल्या होत्या. मी तिला विचारलं, टाके असे तिरपे का घेतले. ती सांगू लागली, आणि मी तिच्यासमोर सतरंजीवर बसून ऐकत राहिले.